टोफूचे पूर्वसंस्कार आणि छेदनवाचक शब्द

१

चिनी भाषेत पाककलेला एक जुना सामासिक शब्द आहे. त्याचे पहिले पद 'कापणे' या अर्थाचे असून दुसरे 'शिजविणे' या अर्थाचे आहे. यी यिन याने या 'कापण्या-शिजविण्या'च्या बळावर राजाची मर्जी संपादन केली, ही वदंता मेन्सियसच्या ग्रंथात चर्चेस आली आहे व तेथे ती खोडूनही काढली आहे. हाच समास जपानी भाषेत 'काप्पो' असा उच्चारला जातो आणि उत्तम प्रतीच्या भोजनगृहास आजही लावला जातो. समासातील पदांचा क्रम येथे लक्षणीय आहे. ज्या संस्कृतीत हा शब्द घडला, तिने कापण्याची क्रिया शिजविण्याच्या आधी ठेवली. ती काळाच्या दृष्टीने आधी येते म्हणून तर खरेच, परंतु महत्त्वाच्या दृष्टीनेही. जे नीट कापलेले नसेल ते कन्फ्यूशियस खात नसे, असा उल्लेख त्याच्या संवादग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात आहे, तोही याच समजुतीचा द्योतक होय.

जपानी भाषेत स्वयंपाकाच्या सुरीला 'होचो' म्हणतात. हा शब्द मुळात एका माणसाचे नाव आहे. च्वांग-त्झूच्या ग्रंथातील प्रसिद्ध कथेत दिंग नावाचा एक आचारी राजासमोर बैल कापतो. त्याची सुरी १९ वर्षे वापरूनही नुकतीच धार लावल्यासारखी राहिली आहे. कारण तो हाडावर घाव घालीत नाही. सांध्यांमधील पोकळी शोधून तेथून सुरी फिरवितो. त्या आचाऱ्याचे नाव पुढे त्याच्या हत्यारास मिळाले.

टोफूच्या इतिहासाचा विचार करताना ही कथा उपयोगी पडते, ती मात्र विरोधाने. टोफूला हाड नाही, सांधा नाही, तंतूंची दिशा नाही, साल नाही, बी नाही. पालेभाजीस देठ असतो, माशाला काटा असतो, मांसास रेषा असते. कोठे कापावे हे तो पदार्थच काही अंशी सांगतो. टोफू काहीच सांगत नाही. त्याला कोणता आकार द्यावयाचा हे सर्वस्वी कापणाऱ्याच्या परंपरेवर अवलंबून असते. तो आकार टिकेल की नाही, एवढेच त्या पदार्थातील पाणी ठरविते. म्हणूनच टोफू चिरण्याच्या व त्यापूर्वीच्या संस्कारांच्या इतिहासात दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहता येतात: पदार्थाची सक्ती आणि समाजाचा संकेत. प्रस्तुत निबंधात मुख्यतः १८ व्या शतकातील चिनी व जपानी ग्रंथांच्या आधारे हा विचार करावयाचा आहे.

२

टोफूची उत्पत्ती हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हान घराण्याचा राजपुत्र ल्यू आन याने तो शोधून काढला, ही परंपरा लोकप्रिय आहे व ली शिचन याच्या १५९६ साली मुद्रित झालेल्या 'बेनत्साओ गांगमू' या औषधिकोशातही तिचा अनुवाद आहे. परंतु ल्यू आनच्या काळातील ग्रंथ तिला दुजोरा देत नाहीत. टोफूचा नामनिर्देश दहाव्या शतकातील ताओ गू याच्या 'छिंग यी लू' या ग्रंथात स्पष्टपणे आढळतो. तेथे एका काटकसरी अधिकाऱ्याची हकीकत आहे. तो मांसाऐवजी रोज टोफू विकत घेई, म्हणून त्या गावचे लोक टोफूला विनोदाने 'छोट्या अधिकाऱ्याचे मटण' अशा अर्थाचे नाव देत. जपानमध्ये नारा येथील कासुगा देवस्थानाच्या एका पुरोहिताने ११८३ साली लिहिलेल्या नोंदीत हा पदार्थ देवास अर्पण केल्याचा उल्लेख आहे. पण तेथे आजची रूढ चिन्हे नाहीत. केवळ ध्वनिसाम्यावरून निवडलेली दुसरीच चिन्हे आहेत व त्यांतील पहिले 'तांग', म्हणजे चीन देश, या अर्थाचे आहे. लेखकाच्या कानावर शब्द होता, त्याची लेखनपद्धती मात्र अद्याप स्थिर झालेली नव्हती, असे यावरून दिसते.

पदार्थ म्हणून टोफू म्हणजे पाणी धरून ठेवणारे प्रथिनांचे जाळे. सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून व गाळून जे दूध निघते त्यात क्षार किंवा आम्ल घातले की ते साकळते. 'बेनत्साओ गांगमू'त अशा साकळविणाऱ्या द्रव्यांत मिठागरातील खारे पाणी, जिप्समची पूड व आंबवणी यांचा उल्लेख आहे. साकळलेला चोथा मोडून, कापड अंथरलेल्या भोकांच्या साच्यात घालून वर वजन ठेवले की घट्ट टोफू तयार होतो व त्याच्या अंगावर कापडाची वीण उमटते. यावरूनच त्याला जपानीत 'सुती' टोफू असे नाव पडले. दाट दूध साच्यातच न मोडता व न दाबता साकळविले की जो मऊ, नितळ टोफू होतो, त्याला 'रेशमी गाळणीचा' टोफू म्हणतात. रेशमातून गाळल्यासारखा तो मऊ लागतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. सुती टोफूत सुमारे ८६ टक्के व रेशमी टोफूत सुमारे ८९ टक्के पाणी असते. आकड्यांतील हे अंतर किरकोळ वाटते, परंतु सुरीखाली ते फार मोठे ठरते. पहिल्याची वडी उचलता येते. दुसऱ्याची उचलताना मोडते.

हा भेद प्रादेशिकही होता. कितागावा मोरिसादा याने १८३७ मध्ये लेखनास आरंभ केलेल्या आपल्या लोकव्यवहारविषयक बृहद्ग्रंथात क्योटो-ओसाका व एदो (आजचे टोकियो) येथील टोफूची तुलना केली आहे. पश्चिमेकडील टोफू मऊ, पांढरा व रुचकर. एदोचा घट्ट, तितका शुभ्र नसलेला व चवीस उणा, असा त्याचा निवाडा आहे. यातील रुचिनिर्णय बाजूस ठेवला, तरी वस्तुस्थिती महत्त्वाची आहे. एकाच नावाने विकला जाणारा पदार्थ दोन शहरांत सुरीला दोन प्रकारे प्रतिसाद देत होता. तेव्हा एका शहरातील पाककृती दुसऱ्या शहरात जशीच्या तशी साधेलच असे नव्हते.

३

सुरी लावण्यापूर्वी टोफूवर जे संस्कार होत, त्यांचे हेतू तीन होते: पाणी कमी करणे, सोयाबीनचा उग्र वास घालविणे व पृष्ठभाग सिद्ध करणे. या तिन्हींचे उत्तम दाखले युआन मेइ याच्या १७९२ सालच्या 'सुइयुआन शिदान' या ग्रंथात सापडतात. नानकिंग येथे उद्यानगृहात राहणारा हा कवी स्वतः आचारी नव्हता. परंतु इतरांच्या घरी चाखलेले पदार्थ तो चिकित्सकपणे टिपून ठेवी.

जियांग नावाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने त्याने दिलेली कृती पाहण्यासारखी आहे. टोफूच्या दोन्ही बाजूंची साय काढावी, प्रत्येक ठोकळ्याचे १६ काप करावेत, ते वाऱ्यावर सुकू द्यावेत आणि डुकराच्या चरबीतून निळसर धूर निघू लागल्यावरच त्यात सोडावेत. पुढे चिमूटभर मीठ, काप उलटल्यावर गोड मद्य आणि १२० मोठे सुके कोळंबी-सोडे. येथे अग्नीशी संबंध येण्यापूर्वी तीन क्रिया सांगितल्या आहेत व तिन्हींना कारण आहे. दाबताना बाहेरचा थर निबर होतो, तो रस आत जाऊ देत नाही. म्हणून तो काढावयाचा. काप पातळ केले म्हणजे सुकण्यास पृष्ठभाग वाढतो. आणि ओला काप तापलेल्या चरबीत पडला तर त्या चरबीची सारी उष्णता प्रथम पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. काप तळला न जाता उकडतो व कढईला चिकटतो. युआन मेइने ही कारणे दिलेली नाहीत. त्याने केवळ क्रम दिला आहे; परंतु तो क्रमच कारणांची साक्ष देतो.

वास घालविण्याविषयी तो अधिक स्पष्ट आहे. एका कृतीत मऊ टोफू आधी उकळून त्याचा 'सोयाबीनचा वास' काढण्यास तो सांगतो. दुसऱ्या एका कृतीत न दाबलेला, दह्यासारखा टोफू विहिरीच्या पाण्यात तीन वेळा भिजविण्यास सांगतो. गोठविलेल्या टोफूच्या कृतीत तर दोन्ही हेतू एकत्र येतात. टोफू रात्रभर गोठवावा, त्याचे चौकोनी तुकडे करावेत, ते उकळून वास काढावा व मग कोंबडीच्या आणि मांसाच्या रसात मंद शिजवावेत. गोठताना बर्फाचे स्फटिक प्रथिनांना बाजूस सारून दाट पडदे निर्माण करतात. वितळल्यावर पाणी निघून जाते व मागे स्पंजासारखी सच्छिद्र रचना उरते. अशा तुकड्यात रस शिरतो, ताज्या टोफूत तो तसा शिरत नाही. जपानमधील कोया पर्वतावरील मठांच्या नावाने प्रसिद्ध झालेला वाळविलेला टोफू याच तत्त्वावर आधारलेला आहे.

दाबण्याची रीत जपानी ग्रंथात अधिक तपशिलाने येते. १७८२ साली ओसाका येथे 'तोफू ह्याकुचिन', म्हणजे 'टोफूचे शंभर नवलप्रकार', हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखकाने टोपणनाव धारण केले होते. सोदानी गाकुसेन हा शिक्के कोरणारा कलावंत हाच त्याचा कर्ता, असे सामान्यतः मानले जाते. पुस्तक इतके खपले की १७८३ मध्ये त्याचा उत्तरभाग निघाला. त्यातील 'दाबलेल्या टोफू'च्या कृतीत टोफू फडक्यात गुंडाळून, तिरक्या फळीवर मांडून, वर दुसरी फळी व दगड ठेवून पाणी काढावयास सांगितले आहे. फळी तिरकी असण्यातच खरे मर्म आहे. सपाट फळीवर निघालेले पाणी खालीच साचून टोफू पुन्हा ओला राहतो. ही सूचना ज्याने दिली त्याने ती क्रिया पाहिलेली असली पाहिजे. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्यास ती सुचणे कठीण.

४

प्रत्यक्ष छेदनाकडे वळल्यास 'तोफू ह्याकुचिन'मधील अगदी पहिलीच कृती विचारात घ्यावी लागते. टोफूचे लांबट तुकडे काड्यांना टोचून, निखाऱ्यावर भाजून, वर मिसो व कोवळ्या सुगंधी पानांचे वाटण लावलेला तो प्रसिद्ध 'देनगाकू' होय. तेथे लेखक सांगतो की, एका मोठ्या भांड्यात कोमट पाणी घ्यावे. टोफू कापणे व त्यास काडी टोचणे या दोन्ही क्रिया त्या पाण्यातच कराव्यात, म्हणजे टोफू मऊ असला तरी तो गळून पडण्याची भीती राहत नाही. पाण्यात बुडालेल्या पदार्थाचे भासमान वजन कमी होते, हे तत्त्व येथे कोणत्याही शास्त्रीय परिभाषेवाचून वापरलेले दिसते. टोफूची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे पाण्यात त्याला स्वतःचे वजन जवळजवळ जाणवतच नाही. जो पदार्थ बाहेर स्वतःच्या भाराने मोडला असता, तो पाण्यात सुरी सहन करतो.

'गारा' या अर्थाच्या नावाची कृतीही अशीच बोलकी आहे. टोफूतील पाणी चांगले दाबून काढावे, त्याचे लहान फाशांएवढे तुकडे करावेत, ते रोवळीत घालून फिरवावेत म्हणजे त्यांचे कोपरे झिजतात, आणि मग ते तेलात झटपट तळावेत. टोफू गोल कापता येत नाही. सुरी सरळ रेषाच देते. तेव्हा चौकोनी कापून घर्षणाने गोल करावयाचा, असा हा उपाय आहे. हेच तुकडे किंचित मोठे असले तर त्या पदार्थास वाळवंटी पाइनवनात उगवणाऱ्या एका गोल अळंबीचे नाव मिळते. कृती एकच, आकारमान निराळे आणि नाव निराळे. नाव आकारमानावरून पडते, चवीवरून नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

याउलट 'मेघगर्जना' या नावाच्या कृतीत सुरीच वर्ज्य आहे. तेथे टोफू हाताने कुस्करून कढत तिळाच्या तेलात टाकावयाचा असतो. पाणी न काढलेला, ओबडधोबड पृष्ठभागाचा टोफू तेलात पडताच जो आवाज होतो, त्यावरून हे नाव आले. खडबडीत कडांना क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्या तेल व मसाला अधिक धरतात. हाताने मोडणे ही येथे कापण्याची गैरसोयीची पर्यायी रीत नसून एक स्वतंत्र संस्कार आहे.

छेदनवाचक जपानी शब्द एकत्र मांडले तर त्यांचा उगम पाहून आश्चर्य वाटते. लहान घनाकार तुकड्यांना 'फाशाचा डोळा' असे नाव आहे, ते जुगाराच्या पटावरून आले. लांबट चौकोनी तुकडे 'ठोकताळ्या' या अर्थाच्या शब्दाने ओळखले जातात. रात्रीचे पहारेकरी व नाटकगृहातील माणसे एकमेकींवर आपटीत त्या लाकडी पट्ट्या त्या होत. पातळ आयताकृती कापास काव्य लिहिण्याच्या अरुंद कागदपट्टीचे, तर पातळ चौरस कापास काव्यलेखनाच्याच चौकोनी कागदाचे नाव आहे. मोठ्या चौरस तुकड्यास 'याक्को' म्हणतात. याक्को म्हणजे सरदारघराण्यातील खालच्या दर्जाचा सेवक. त्याच्या अंगरख्यावर मोठी चौरस मुद्रा असे. तिच्यासारखा दिसणारा म्हणून टोफूचा तुकडाही याक्को झाला. तो थंडच खाल्ला तर 'थंड याक्को', ऊन पाण्यातून काढला तर 'ऊन याक्को'. सेवकवर्ग व त्याची चौरस मुद्रा समाजातून नाहीशी झाली, परंतु जेवणाच्या ताटात तो शब्द आजही वावरतो.

यांपैकी कित्येक शब्द मुळा-गाजरासारख्या भाज्यांच्या कापांनाही लावले जातात. परंतु मुळ्याला स्वतःची गोलाई असते. तिच्यापासून कागदपट्टीचा आकार काढताना काही भाग वाया जातो. साच्यातून निघालेला टोफू मुळातच काटकोनी असतो. त्यामुळे ही काटकोनी नावे त्याला नैसर्गिकपणे लागू पडतात. मराठीत भाजी चिरतात, फळ कापतात, परंतु खरवसाच्या किंवा थापलेल्या मिश्रणाच्या वड्या पाडतात. 'पाडणे' हे क्रियापद, सपाट लादीवर रेषा ओढून तिचे सारखे भाग करण्याच्या कृतीसाठी भाषेने राखून ठेवले आहे. आधीच आकार असलेल्या वस्तूस कापणे आणि निराकार लादीतून वस्तू निर्माण करणे, हा भेद मराठीने क्रियापदात नोंदविला. जपानीने तो नामांत नोंदविला.

'ऊन याक्को'ची कृती या पुस्तकाच्या सर्वोच्च वर्गात, ज्यात अवघे सात प्रकार आहेत, त्यात घातलेली आहे. तिच्यात मसाला नाही, तळणे नाही. टोफूचे आठनऊ 'बू', म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर, बाजूचे घन करावेत; कुझू कंदाच्या पिठाचे पातळ पाणी खळखळ उकळावे; एका माणसापुरताच टोफू त्यात सोडावा; झाकण ठेवू नये; आणि तुकडे हलू लागून वर तरंगणार, एवढ्यात ते काढून घ्यावेत. तरंगून गेले की वेळ टळली. या कृतीत छेदनाचे माप हेच वेळेचे माप आहे. तुकडे असमान असतील तर एक तरंगेल तेव्हा दुसरा आतून थंड असेल. जी कृती सर्वांत साधी दिसते, तिच्यात सुरीवरील भार सर्वांत अधिक आहे, आणि ग्रंथकाराने तिला दिलेले स्थान त्या दृष्टीने सार्थ आहे.

५

आतापर्यंतचे पुरावे ग्रंथांनी जे सांगितले त्याचे होते. त्यांनी जे सांगितले नाही त्याचाही विचार अवश्य आहे. 'तोफू ह्याकुचिन'मध्ये शंभर कृती सहा वर्गांत विभागल्या आहेत. त्यांतील दुसऱ्या वर्गातील दहा प्रकारांची केवळ नावे दिली आहेत. कृती सर्वांस ठाऊकच आहेत, म्हणून त्या लिहिल्या नाहीत. जे अत्यंत परिचित तेच अलिखित राहिले. पाकेतिहासाच्या साधनांचा हा मूलभूत दोष आहे: दुर्मीळ गोष्ट ग्रंथात येते, नित्याची गोष्ट हातातून हातात जाते आणि हात थांबला की नाहीशी होते.

या मौनाचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. यांगचौ येथील 'वेन्सी टोफू' हा पदार्थ आज चिनी सुरीकौशल्याची परिसीमा मानला जातो. मऊ टोफूच्या कडा छाटून, सुरी वारंवार ओली करीत त्याचे अतिशय पातळ थर कापतात. ते आडवे करून पुन्हा केसासारखे उभे चिरतात. आणि तो चिरलेला गोळा पाण्यात सोडून हलकेच हलविला की हजारो तंतू सुटे होतात. येथेही मऊ टोफूला आधार पाण्याचाच आहे. ओसाकाच्या ग्रंथकाराने काडी टोचताना जे ओळखले तेच यांगचौच्या आचाऱ्यांनीही ओळखले. हा पदार्थ वेन्सी नावाच्या १८ व्या शतकातील बौद्ध भिक्षूने निर्माण केला, असे सांगतात. त्यास आधार ली दोउ याच्या १७९५ सालच्या यांगचौवर्णनाचा आहे. परंतु तेथील नोंद इतकीच की, वेन्सी काव्यात निपुण होता, माणसांची पारख जाणत असे, टोफूचे सार व एक गोड पेज उत्तम करीत असे, आणि त्याच्या रीतीने केलेल्या टोफूला लोक त्याचे नाव देतात. केसासारख्या तंतूंविषयी तेथे अक्षर नाही.

यावरून ते तंतू वेन्सीच्या काळी नव्हतेच, असे अनुमान काढणे उतावळेपणाचे ठरेल. ग्रंथाचे मौन हा अभावाचा पुरावा नव्हे. परंतु ते होतेच असे म्हणण्यासही १७९५ ची नोंद पुरेशी नाही. नाव अखंड टिकते. त्या नावाखालील कृती मात्र पिढ्यापिढ्यांत बदलू शकते. नावाच्या सातत्यावरून कृतीचे सातत्य गृहीत धरणे हा प्रमाद पाकेतिहासात वारंवार घडतो, आणि छेदनासारख्या क्रियेबाबत तो विशेष घडतो, कारण खाऊन झाल्यावर छेदनाचा कोणताही अवशेष मागे राहत नाही. भांडे उरते, चूल उरते, धान्याचा जळका दाणाही उत्खननात सापडतो. कापलेल्या टोफूचे काहीच उरत नाही.

म्हणून या विषयात तीन प्रकारची साधने एकमेकांस ताडून पाहणे भाग आहे. पहिले, कृतींत दिलेला क्रियांचा क्रम. तो कारणे सांगत नाही, तरी ती सुचवितो. दुसरे, पदार्थाचे गुणधर्म. ते दोन शतकांपूर्वी होते तसेच आज आहेत, आणि कोणती कृती शक्य व कोणती अशक्य हे आजही प्रयोगाने ठरविता येते. तिसरे, छेदनवाचक शब्द. ते कोणत्या समाजात व कोणत्या वस्तूंच्या सहवासात घडले हे शब्दच सांगतात, परंतु ते आज कशाचे वाचक आहेत यावरून ते पूर्वी कशाचे वाचक होते हे मात्र सांगत नाहीत. 'याक्को' या शब्दाबाबत तिन्ही साधने जुळतात, आणि तेथे निष्कर्ष भक्कम आहे. 'वेन्सी' या नावाबाबत ती जुळत नाहीत. तेथे निष्कर्ष राखूनच ठेवला पाहिजे.

स्वयंपाकघरातील अशा नित्याच्या क्रिया व त्यांची नावे प्रत्येक भाषेत आहेत आणि त्या करणाऱ्यांनी त्या क्वचितच लिहून ठेवल्या आहेत. मराठीतील चिरणे, कापणे, पाडणे, खवणे, किसणे, कुस्करणे या क्रियापदांचे अर्थक्षेत्र कोशांत बहुधा एकेका ओळीत आटोपलेले असते. कोणते क्रियापद कोणत्या पदार्थास, कोणत्या हत्याराने व कोणत्या प्रदेशात लागू होते याची नोंद, ते शब्द आणि ते हात दोन्ही हयात आहेत तोवरच होऊ शकेल.